दादाचा फार्गो

गेल्या महिन्यात आमच्या लालबागच्या दादाने एक जुना फार्गो ट्रक विकत घेतला. वहिनी अजून बोलत नाहीये :) आता तो "कंपनीतून निघाला तसा" करायचा, म्हणून लाकडी केबिन तोडून अमेरिकन फोटोतल्यासारखी पत्र्याची बसवायची, असा त्याचा बेत. मूळचं काय होतं ते शोधायचं काम माझ्याकडे आलं.

शोधता शोधता कुर्ल्याला पोचलो. वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स काढली. क्रायस्लरशी करार झाला आणि १९४७ पासून कुर्ल्याच्या कारखान्यात गाड्या जोडल्या जाऊ लागल्या. डॉज, डिसोटो, फार्गो ही नावं तीन, ट्रक मुळात एकच. फरक मुख्यतः पुढच्या पाटीचा!

खरी गंमत पुढेच. त्या काळी आपल्याकडे ट्रक बहुतेक अर्धाच मिळायचा. चासी, इंजिन, बॉनेट, मडगार्ड आणि डॅशबोर्डपर्यंतचा भाग कंपनीचा. केबिन आणि हौदा गिऱ्हाईकाने बॉडी बिल्डरकडून बांधून घ्यायचा. त्यातही लाकूडकाम सुताराचं.

चासीचा नंबर आर. सी. बुकाशी जुळला. इंजिन मात्र नंतर बदललेलं निघालं. मी दादाला म्हटलं, "अरे, पत्र्याची केबिन बसवलीस तर तीच नक्कल ठरेल. कुणा सुताराने बांधलेली ही लाकडीच याची खरी."

दादा दोन दिवस गप्प. रविवारी गेलो तर केबिनच्या फळ्यांना पॉलिश पेपर मारत बसला होता. शेजारी चहाचा कप. म्हणजे वहिनीही बोलायला लागली असावी. असो.