श्रमाने वसलेले फरीदाबाद

जहांगीराच्या अमदानीत, १६०७ साली शेख फरीद यांनी फरीदाबाद वसविले. तथापि आम्हांस अधिक मोलाचा वाटतो तो त्याचा १९४९ नंतरचा इतिहास. बन्नू, कोहाट, डेरा इस्माईलखान येथून आलेल्या निर्वासितांसाठी येथे नवे नगर उभारावयाचे होते. ते काम कंत्राटदारांऐवजी निर्वासितांच्याच सहकारी संस्थांनी करावे, असा कमलादेवी चट्टोपाध्याय यांच्या इंडियन को-ऑपरेटिव्ह युनियनचा आग्रह होता. त्यांतून घरे व रस्ते झाले. बादशहाखानांच्या नावाचे रुग्णालयही उभे राहिले. महानगरपालिका आली ती पुढे १९९४ साली.

बदलीच्या गावातील नगरसेवा हे दुसऱ्याचे काम, असे आपण सरकारी नोकर सहज मानतो. सर्वस्व गमावलेल्या त्या माणसांनी मात्र परका मुलूख आपलासा केला, तो त्यासाठी राबून.