इग्नूची ऑनलाइन पदवी म्हणजे काय? ती नोकरीला चालते का?

इग्नूचा फॉर्म ऑनलाइन भरला म्हणजे पदवीही ऑनलाइनच, असा अनेकांचा समज असतो. पण इग्नूत दूरशिक्षणाचा फॉर्मही ऑनलाइनच भरावा लागतो. या दोन पद्धती वेगळ्या आहेत. फी भरण्याआधी हा फरक समजून घ्या.

इग्नूची सुरुवात

इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठ, म्हणजेच इग्नू, संसदेच्या कायद्याने १९८५ मध्ये स्थापन झालं. मुख्यालय दिल्लीतल्या मैदान गढीत आहे. पहिले कुलगुरू होते जी. राम रेड्डी. १९८७ मध्ये व्यवस्थापन आणि दूरशिक्षण या दोन पदविकांनी शिकवणं सुरू झालं, तेव्हा विद्यार्थी होते ४,५२८. नाशिकच्या यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठाचे पहिले कुलगुरू राम ताकवले पुढे इग्नूचेही कुलगुरू झाले.

दोन पद्धतींत फरक काय?

दूरशिक्षणात अभ्यासाची पुस्तकं मिळतात, जवळचं अभ्यासकेंद्र ठरवून दिलं जातं आणि सत्रांत परीक्षा साधारण जून व डिसेंबरमध्ये होतात. महाराष्ट्रात मुंबई, पुणे आणि नागपूर इथे इग्नूची प्रादेशिक केंद्रं आहेत.

ऑनलाइन पद्धतीत व्हिडिओ, वाचनसाहित्य, चर्चा आणि असाइनमेंट हे सगळं पोर्टलवर होतं. परीक्षा मात्र देखरेखीखालीच द्यावी लागते. बीसीए, एमसीए, ग्रंथालयशास्त्राची पदवी, गांधी व शांतता अध्ययनात एमए असे अभ्यासक्रम ऑनलाइन सुरू झाले आहेत.

पदवी चालते का?

हो. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२० च्या नियमांनुसार मान्यताप्राप्त संस्थेची ऑनलाइन किंवा दूरशिक्षणाची पदवी नियमित पदवीशी समकक्ष असते. आयोगाने सप्टेंबर २०२२ मध्ये हे पुन्हा स्पष्ट केलं. मात्र अभियांत्रिकी, वैद्यकीय, कायदा यांच्या पदव्या आणि पीएचडी ऑनलाइन घेता येत नाहीत. 'घरबसल्या बीटेक' अशी जाहिरात दिसली, तर तिथेच थांबा.

प्रवेशाआधी काय तपासाल?

• आयोगाच्या दूरशिक्षण विभागाच्या वेबसाइटवर विद्यापीठाचं नाव पाहा. त्या सत्रासाठी तुमच्या अभ्यासक्रमाला त्याच पद्धतीने शिकवण्याची मान्यता आहे ना, हेही पाहा.
• याच वेबसाइटवर 'डीईबी आयडी' तयार करा. २०२४ पासून तो प्रवेशासाठी बंधनकारक आहे.
• फी थेट विद्यापीठाच्या पोर्टलवरच भरा, एजंटच्या खात्यात नाही.
• शिकण्याचं माध्यम विचारा. मराठीतूनच शिकायचं असेल, तर नाशिकच्या मुक्त विद्यापीठाचा पर्याय आहे.

गावात नेटची रेंज टिकत नसेल, तर पुस्तकांचं दूरशिक्षणच सोयीचं. पदवीची किंमत दोन्हीकडे सारखीच आहे, त्यामुळे तुम्हाला रोज जमेल अशी पद्धत निवडा.