जुने सिमेंटचे पत्रे फोडण्याआधी

नागपुरातल्या जुन्या घरांवर कवेलूंनंतर करडे सिमेंटचे पत्रे आले. दुरुस्ती निघाली की सर्वांत आधी तेच फोडतात. त्यांत बहुधा अ‍ॅस्बेस्टॉस असते.

१९२४ मध्ये इंग्लंडात टर्नर ब्रदर्सच्या रॉचडेल कारखान्यातली कामगार नेली केरशॉ अवघ्या ३३व्या वर्षी वारली. डॉ. विल्यम कुक यांना तिच्या फुप्फुसांत अ‍ॅस्बेस्टॉसचे कण सापडले. १९३१ मध्ये ब्रिटनने या धुळीविरुद्ध नियम केले. आणि १९३४ मध्ये कटनीजवळ कैमोरला हेच पत्रे बनवणारा कारखाना निघाला! कैमोर तेव्हा मध्य प्रांतात होते, ज्याची राजधानी आपले नागपूर. म्हणजे धोका ठाऊक झाल्यावर हे पत्रे आपल्याकडे आले.

१९९५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने या कामगारांच्या आरोग्याच्या नोंदी किमान ४० वर्षे ठेवायला सांगितले. इतकी वर्षे का? कारण अ‍ॅस्बेस्टॉसमुळे होणारा कर्करोग वीस-चाळीस वर्षांनी उद्भवतो. ब्रिटनने १९९९ मध्ये पूर्ण बंदी घातली. आपल्याकडे पत्रे अजून विकले जातात.

“डॉक्टर, आम्ही याखाली तीस वर्षं झोपलो, एक्स-रे काढू का?” असे रुग्ण विचारतात. अखंड पत्र्यातून तंतू फारसे सुटत नाहीत. सुटतात ते कापताना, फोडताना. आज श्वासात गेलेले तंतू एक्स-रेत दिसत नाहीत. पत्र्यात अ‍ॅस्बेस्टॉस आहे का, हेही नुसते पाहून कळत नाही. जाणकाराकडून ओला करून काढलेला छोटा तुकडा प्रयोगशाळेत सूक्ष्मदर्शकाखाली तपासून घ्या. अहवाल येईपर्यंत मजुरांना छतावर चढवू नका.