एक अक्षर, दोन उच्चार : मराठी 'च'चा इतिहास

'त्याचा' आणि 'त्याची' हे दोन शब्द सावकाश म्हणून पाहा. 'चा' म्हणताना जिभेचे टोक वरच्या दातांच्या मुळाशी टेकते. 'ची' म्हणताना जीभ थोडी मागे जाऊन टाळूला लागते. 'माझा' आणि 'माझी' यांतही हाच फरक आहे. व्याकरणात पहिल्या उच्चाराला दंततालव्य आणि दुसऱ्याला तालव्य म्हणतात. अक्षर मात्र एकच.

हा फरक किरकोळ नव्हे. 'जग' म्हणजे विश्व आणि 'जग' म्हणजे जिवंत राहा. हे दोन शब्द केवळ 'ज'च्या उच्चाराने वेगळे होतात. ज्याच्यामुळे अर्थ बदलतो तो स्वतंत्र ध्वनी मानावा लागतो. लिपीत हा भेद दिसत नाही, कारण आपली वर्णमाला संस्कृत वर्णांच्या मांडणीवर बेतलेली आहे आणि संस्कृतात च-वर्ग तालव्यच आहे.

मग दुसरा उच्चार आला कोठून? इ. स. ७७९ मध्ये उद्योतनसूरीने रचलेल्या 'कुवलयमाला' या प्राकृत ग्रंथात मरहट्ट लोकांच्या बोलीची नोंद आहे. कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजात अनेक वर्षे अर्धमागधी शिकवणारे डॉ. आ. ने. उपाध्ये यांनी हा ग्रंथ संपादित केला. त्याचा पहिला भाग १९५९ मध्ये प्रसिद्ध झाला. परंतु पोथीत शब्द उतरतो, जिभेची जागा उतरत नाही. ती तुलनेने शोधावी लागते. मराठीच्या बाबतीत हे काम फ्रेंच भाषाशास्त्रज्ञ ज्यूल ब्लॉक यांनी १९२० साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात पद्धतशीरपणे केले.

अशी तुलना आपल्यालाही करता येते. हिंदीत छुरी, मछली, पूछना. मराठीत सुरी, मासळी, पुसणे. जुन्या 'छ'च्या जागी मराठीत 'स' आला, म्हणजे जीभ टाळूवरून दातांकडे सरकली. जेथे पुढे 'इ' होती तेथे ती टाळूजवळच राहिली : प्राकृत 'मच्छिआ'ची 'माशी' झाली. 'त्याचा–त्याची' या जोडीत नेमके हेच दिसते.

'चार' हा आकडा अपवाद वाटतो. 'चारा' दंततालव्य, मग 'चार' तालव्य का? जुन्या पोथ्यांत 'च्यारि' असे लेखन आढळते. 'य' गळाला, पण त्याने धरून ठेवलेला तालव्य उच्चार टिकला.

बहमनी राज्याची स्थापना १३४७ मध्ये झाली. त्यानंतरच्या शतकांत फारसी शब्द मराठीत मोठ्या प्रमाणावर आले. फारसीत 'ज' आणि घर्षणयुक्त 'ज़' हे वेगळे ध्वनी आहेत. मराठीने 'जबाब' तालव्य ठेवला. 'जमीन', 'बाजार', 'रोज' यांतील 'ज़'ला दंततालव्य 'ज' दिला. 'जहाज' या एकाच शब्दात दोन्ही उच्चार आहेत.

शेजारच्या तेलुगूत अशीच विभागणी आहे; प्रमाण कन्नडमध्ये आणि हिंदीत नाही. कागल, गडहिंग्लज, शिरोळ या सीमेलगतच्या तालुक्यांतील शिक्षकांना हे माहीत असणे अगत्याचे आहे. घरी कन्नड बोलणारे मूल 'चाक' तालव्य उच्चारते आणि वर्ग हसतो. वास्तविक पुस्तकातील अक्षराने त्याला दुसरा उच्चार सांगितलेलाच नसतो. उलट 'जल' किंवा 'चरण' दंततालव्य वाचणारे मराठी मूल आपल्या बोलीचा नियम संस्कृत शब्दाला लावत असते. संस्कृतातून जसेच्या तसे घेतलेले शब्द या नियमाबाहेर राहिले, हे त्याला कोणी सांगितलेले नसते.

दोघांनाही 'अशुद्ध' म्हणून गप्प बसवण्यापेक्षा फळ्यावर दोन रकाने आखावेत. त्यात मुलांनीच चाक, चिंच, चूल, चेंडू, जावई, जीभ असे शब्द म्हणून भरावेत. पुढे 'इ' किंवा 'ए' आला की जीभ कोठे जाते, हे त्यांना स्वतःच सापडेल. उरलेले अपवाद ती विचारतील. त्यांची उत्तरे देताना या शब्दांचा इतिहास उपयोगी पडेल.