बी, माती आणि मामीचा प्रश्न

कंपनीच्या वार्षिक तपासणीत सोनोग्राफीच्या रिपोर्टवर ‘ग्रेड १ फॅटी लिव्हर’ असं आलं. टीममधल्या आठपैकी पाच जणांचं तेच निघालं, म्हणून सगळे हसले. मला हसू आलं नाही. तीन वर्षांपूर्वी मामाचं मोठ्या आतड्याच्या कर्करोगाचं ऑपरेशन नीट झालं होतं, पण दीड वर्षाने यकृतात गाठी निघाल्या. यकृतावर चरबी मामाच्याही होती. मामा गेला, त्यानंतर मामीने एकदा विचारलं, “अरे, माझ्या हातचं तूप-साखरच नडलं का त्याला?”

उत्तर शोधत मी १८८९ सालात पोचलो.

त्या वर्षी लंडनचे सर्जन स्टीफन पॅजेट यांनी ‘द लॅन्सेट’मध्ये एक लेख लिहिला. स्तनाच्या कर्करोगाने दगावलेल्या ७३५ रुग्णांच्या नोंदी त्यांनी तपासल्या होत्या. यकृतात गाठी सापडल्या २४१ जणांच्या, प्लीहेत फक्त १७ जणांच्या. रक्त तर प्लीहेतही भरपूर जातं. पेशी नुसत्या वाहत जाऊन अडकत असत्या, तर एवढा फरक का पडावा? पॅजेट यांचं म्हणणं असं, की बी चहूकडे उडतं, पण रुजतं मानवेल त्याच मातीत.

पुढे १९२८च्या सुमारास अमेरिकेतल्या जेम्स ईविंग यांनी हे खोडलं. त्यांच्या मते हा सगळा पाइपलाइनचा मामला होता. रक्त आधी जिथे जाईल, तिथे गाठ. मोठं आतडं तर त्यांच्याच बाजूचा साक्षीदार, कारण आतड्यातलं रक्त प्रवेशिनी शिरेतून थेट यकृतात जातं. ईविंग यांचं म्हणणं कित्येक वर्षं चाललं. मग १९८० साली हार्ट आणि फिडलर यांनी उंदरांच्या मांडीत फुप्फुस, अंडाशय आणि मूत्रपिंड यांचे तुकडे रुजवले आणि त्वचेच्या कर्करोगाच्या पेशी रक्तात सोडल्या. फुप्फुस आणि अंडाशयाच्या तुकड्यांत गाठी झाल्या, मूत्रपिंडाच्या तुकड्यात नाहीत. म्हणजे शीर रस्ता दाखवते. पण पुढे जगायचं की नाही, हे माती ठरवते.

यकृताच्या मातीला राखणदार आहेत. १८७६ साली कुप्फर यांनी यकृतात ताऱ्यासारख्या पेशी पाहिल्या. त्यांना त्या रक्तवाहिनीच्या भिंतीचा भाग वाटल्या. प्रत्यक्षात त्या जंतू गिळणाऱ्या पेशी निघाल्या. त्यांना जंतू ओळखता येतो तो ‘टोल’ कुळातल्या ग्राहींमुळे. १९९६ मध्ये हॉफमन यांच्या प्रयोगशाळेत दिसलं, की टोल नसलेली फळमाशी बुरशीने मरते. १९९८ मध्ये बॉइटलर यांनी उंदरात जिवाणूंच्या आवरणाचा तुकडा ओळखणारा ग्राही शोधला, टीएलआर४. दोघांना २०११चं नोबेल मिळालं.

यकृतात चरबी साठते तेव्हा बऱ्याचदा आतड्याची भिंतही झिरपू लागते. जिवाणूंचे तुकडे त्याच शिरेतून यकृतात येतात आणि टीएलआर४ अलार्म वाजवत राहतो. ऑन-कॉल ड्यूटी केलेल्यांना कळेल: रात्रंदिवस अलर्ट वाजणारी सिस्टीम सुरक्षित नसते, ती आजारी असते. ही सततची धग यकृतात दाह आणि व्रण मागे ठेवते. उंदरांवरच्या बऱ्याच प्रयोगांत अशा यकृतात आतड्याच्या कर्करोगाच्या गाठी जास्त वाढल्या.

पण माणसांच्या नोंदी एकमुखाने बोलत नाहीत. काही अभ्यासांत चरबी असलेल्या यकृतात गाठी जास्त आढळल्या, तर काहींत चक्क कमी. चरबी, दाह आणि व्रण या तीन वेगळ्या पायऱ्या आहेत. सोनोग्राफीत ढोबळमानाने फक्त पहिली दिसते.

म्हणून मामीला सांगितलं, “मामी, मामाच्या बाबतीत हे तुपामुळे झालं, असं कुठलाच डॉक्टर सांगू शकणार नाही. तू ते मनातून काढ.”

स्वतःला मात्र वेगळं सांगितलं. वजन सात ते दहा टक्के उतरलं, तर यकृतातली चरबी आणि दाह दोन्ही कमी होऊ शकतात. बी माझ्या हातात नाही, शिरेचा रस्ताही नाही. मातीची मशागत थोडीफार आहे. सध्या ऑफिसचे सहा मजले जिन्याने चढतो.