स्कूबा डायव्हिंग आणि किनाऱ्यालगतचे प्रवाळ

पावसाळा सरून समुद्र निवळू लागला की गोव्याच्या किनाऱ्यावर डायव्हिंगचा हंगाम सुरू होतो. साधारणपणे ऑक्टोबरच्या मध्यापासून मे महिन्यापर्यंत पर्यटकांना घेऊन होड्या मुरगावसमोरील ग्रँड बेटाकडे निघतात. उत्तरेला सिंधुदुर्ग जिल्ह्यातील मालवण आणि दक्षिणेला कर्नाटकात मुरुडेश्वरसमोरचे नेत्राणी बेट येथेही हेच चित्र दिसते. पाण्याखालचे जग पाहण्याची ही ओढ स्वाभाविक आहे. मात्र ज्या प्रवाळांच्या आधाराने तेथील मासळी टिकून आहे, त्यांच्या वस्त्या या किनाऱ्यावर थोड्या आणि लहान आहेत. त्या पाहताना त्यांना इजा होऊ न देणे हे डायव्हरच्या शिस्तीवर आणि व्यावसायिकाच्या जबाबदारीवर अवलंबून असते.

प्रवाळ म्हणजे काय?

पोवळे मराठी माणसाला नवरत्नांतून परिचित आहे. अंगठीतले लाल पोवळे प्रामुख्याने भूमध्य समुद्रातील प्रवाळापासून मिळते. उष्ण कटिबंधातील भित्ती बांधणारे प्रवाळ त्याहून वेगळे. वनस्पतीसारखा किंवा दगडासारखा भासणारा प्रवाळ प्रत्यक्षात प्राण्यांची वसाहत असतो. पॉलिप नावाचा, बहुधा काही मिलिमीटर आकाराचा मऊ जीव आपल्याभोवती चुनखडीची वाटी तयार करतो. अशा असंख्य वाट्या एकमेकींना जोडल्या जाऊन वसाहत वाढते आणि शतकानुशतकांच्या बांधकामातून प्रवाळभित्ती उभी राहते.

पॉलिपच्या शरीरात सूक्ष्म शैवाल वास करते. सूर्यप्रकाशात तयार केलेल्या अन्नाचा मोठा वाटा ते यजमानाला देते आणि प्रवाळाचा रंगही बहुतांशी त्याच्यामुळेच दिसतो. म्हणूनच असे प्रवाळ उथळ, प्रकाश पोहोचणाऱ्या पाण्यात वाढतात. समुद्रतळाचा एक टक्क्याहूनही कमी भाग प्रवाळभित्तींनी व्यापलेला आहे. तरीही ज्ञात सागरी प्रजातींपैकी सुमारे एक चतुर्थांश प्रजाती आयुष्याच्या कोणत्या ना कोणत्या टप्प्यावर त्यांच्या आश्रयाला येतात. गोब्रा, तांबोशी, शेवंड अशी बाजारात मोल असलेली मासळी खडक आणि प्रवाळांच्या कपारींतच वावरते.

वाढीचा वेग मात्र फार मंद असतो. घुमटाच्या आकाराचे प्रवाळ वर्षाकाठी जेमतेम एखादा सेंटिमीटर वाढतात. गुडघ्याएवढ्या उंचीचा घुमट घडायला अर्धे शतक लागू शकते. तो मोडायला नांगराचा एक फटका पुरतो.

पश्चिम किनाऱ्यावरील वस्त्या

कच्छचे आखात, मन्नारचे आखात व पाल्कची सामुद्रधुनी, अंदमान-निकोबार आणि लक्षद्वीप ही भारतातील प्रवाळभित्तींची चार प्रमुख क्षेत्रे होत. कोकण, गोवा आणि कर्नाटकाचा किनारा या यादीत येत नाही. पावसाळ्यात मांडवी, जुवारी यांसारख्या नद्या गाळ वाहून आणतात, पाणी गढूळ होते आणि किनाऱ्याजवळ क्षारताही घटते. अशा परिस्थितीत लक्षद्वीपसारखी विस्तीर्ण भित्ती उभी राहत नाही. खडकांना बिलगून वाढणाऱ्या, गढूळपणा सोसणाऱ्या पोराइट्स, टर्बिनेरिया यांसारख्या प्रवाळांचे तुकडे तेवढे तग धरतात. ग्रँड बेटाभोवती आणि मालवणच्या खडकांवर आढळतात त्या अशा वस्त्या.

मालवण येथे सिंधुदुर्ग किल्ल्याच्या परिसरातील 29.12 चौरस किलोमीटर क्षेत्र 1987 मध्ये सागरी अभयारण्य म्हणून घोषित झाले. त्यापैकी 3.18 चौरस किलोमीटर हा गाभा आहे. विजयदुर्गपासून सुमारे शंभर किलोमीटर पश्चिमेला खोल समुद्रात आंग्रिया बँक हे बुडालेले पठार आहे. कान्होजी आंग्रे यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या पठाराचा माथा पाण्याखाली सुमारे 20 मीटरवर असून किनाऱ्यावरचा गाळ तेथवर पोहोचत नसल्याने तेथील प्रवाळ अधिक समृद्ध आहेत. सामान्य पर्यटक मात्र तेथे जात नाही. तो जातो किनाऱ्यालगतच्या, आधीच ताण सोसणाऱ्या लहान वस्त्यांकडे.

पाण्याखालचा श्वास

फ्रान्समध्ये जॅक कूस्तो आणि एमिल गान्यां यांनी 1943 मध्ये विकसित केलेल्या ‘अ‍ॅक्वालंग’ या उपकरणातून आजचे स्कूबा डायव्हिंग घडत गेले. पाठीवरच्या टाकीत दाबाखाली साधी हवा भरलेली असते. तोंडात धरलेला रेग्युलेटर ती हवा सभोवतालच्या पाण्याच्या दाबाइतकी करून डायव्हरला देतो. दर 10 मीटर खोलीला एक वातावरण इतका दाब वाढतो. त्यामुळे 10 मीटरवर टाकीतील हवा पृष्ठभागाच्या दुप्पट, तर 20 मीटरवर तिप्पट वेगाने खर्च होते.

सुरक्षिततेचा पहिला नियम म्हणजे श्वास कधीही रोखून न धरणे. वर येताना दाब घटतो, फुप्फुसातील हवा प्रसरण पावते आणि कोंडलेली हवा फुप्फुसाला गंभीर इजा करू शकते. दुसरा नियम सावकाश वर येण्याचा. खोलीवर रक्तात आणि ऊतींत विरघळलेला नायट्रोजन घाईने वर आल्यास बुडबुड्यांच्या रूपाने बाहेर पडतो आणि सांधेदुखीपासून पक्षाघातापर्यंतचे विकार उद्भवू शकतात. म्हणूनच पाच मीटरवर सुमारे तीन मिनिटे थांबण्याची प्रथा आहे. प्राथमिक प्रशिक्षण पूर्ण केलेल्या डायव्हरला 18 मीटरपर्यंतची मर्यादा असते. मनोरंजनात्मक डायव्हिंगची कमाल मर्यादा 40 मीटर मानली जाते.

मालवणचा धडा

पर्यटनस्थळी बहुतेकांचा अनुभव प्रशिक्षित डायव्हरचा नसतो. थोडक्या सूचना देऊन प्रशिक्षक पर्यटकाला हाताशी धरून काही मीटर खाली नेतो. धास्तावलेला नवखा माणूस खडकाला धरतो, तळावर उभा राहतो, पाय झाडतो. पायातील लांब फिन्सचा पल्ला त्याच्या लक्षात येत नाही. काही ठिकाणी छायाचित्रात मासे दिसावेत म्हणून त्यांना पाव किंवा बिस्किटे चारली जातात. प्रवाळांवरील शेवाळ खाऊन ते स्वच्छ ठेवणारे मासे मग आयत्या खाऊकडे वळतात.

राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था ही दोनापावल येथे मुख्यालय असलेली संस्था. या संस्थेशी संबंधित संशोधकांचा एक लेख 2020 मध्ये ‘मरीन पोल्यूशन बुलेटिन’ या संशोधनपत्रिकेत प्रसिद्ध झाला. मालवण अभयारण्यात मनोरंजनात्मक डायव्हिंगमुळे प्रवाळांना होणारी हानी हा त्याचा विषय होता. या हानीच्या मुळाशी उत्तरदायित्वाचा अभाव आहे, हे मत लेखाच्या शीर्षकातच नोंदवलेले आहे. अभयारण्य कागदावर असणे आणि पाण्याखाली असणे यांतले अंतर या लेखाने दाखवून दिले. गोव्यालाही त्यातून घेण्यासारखे बरेच आहे. किनाऱ्याजवळच्या मोजक्या खडकांवर दिवसाकाठी अनेक नवख्यांना उतरवले, तर ज्यावर होडीवाले, प्रशिक्षक आणि मच्छीमार यांचे पोट चालते तेच भांडवल हळूहळू संपत जाते.

स्पर्शाची किंमत

प्रवाळाची जिवंत त्वचा अत्यंत पातळ असते आणि तिच्याखाली धारदार सांगाडा असतो. हाताचा दाब पडला तरी ती सोलवटते आणि त्या जखमेवर शेवाळ किंवा रोगजंतू घर करतात. फिन्सने उडवलेला गाळ प्रवाळांवर बसला की पॉलिपना तो झटकण्यात शक्ती खर्चावी लागते व प्रकाशही कमी मिळतो. यावरचा उपाय म्हणजे अधांतरी राहण्याचा समतोल. अंगातल्या जाकिटात योग्य तेवढी हवा आणि कमरेला योग्य तेवढे वजन असेल, तर डायव्हर ना बुडतो ना वर येतो. केवळ श्वासाच्या लयीने किंचित वरखाली होतो. हा समतोल साधेपर्यंत कॅमेरा हाती न घेणे उत्तम.

संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाने 2004 मध्ये सुरू केलेल्या ‘ग्रीन फिन्स’ उपक्रमाची आचारसंहिता याच सूत्रांवर उभी आहे. प्रवाळांवर नांगर न टाकणे, काहीही न स्पर्शणे, काहीही न उचलणे आणि माशांना खाऊ न घालणे ही तिची मुख्य कलमे होत. काही सनस्क्रीनमधील ऑक्सिबेन्झोनसारखी रसायनेही प्रवाळांना घातक ठरत असल्याचे प्रयोगांत दिसले असून पलाऊ या देशाने 2020 पासून त्यांवर बंदी घातली आहे. अंग झाकणारा पोशाख हा त्यावरचा सोपा पर्याय.

तापणारा समुद्र

उन्हाळ्यातील नेहमीच्या कमाल तापमानापेक्षा पाणी सुमारे एक अंशाने अधिक उष्ण होऊन आठवडेच्या आठवडे तसेच राहिले, तर पॉलिप आपल्यातील शैवाल बाहेर टाकतो आणि पांढरा पडतो. यालाच विरंजन म्हणतात. विरंजित प्रवाळ लगेच मरत नाही. पाणी वेळेत निवले तर तो सावरतो. लक्षद्वीपने 1998, 2010 आणि 2016 मध्ये मोठी विरंजने सोसली. एप्रिल 2024 मध्ये शास्त्रज्ञांनी चौथे जागतिक विरंजन सुरू असल्याचे जाहीर केले. समुद्राचे तापमान एका किनाऱ्याला आटोक्यात आणता येणार नाही. पण नांगर, गाळ, सांडपाणी आणि बेशिस्त पर्यटन यांचे घाव टाळले, तर उष्णतेच्या तडाख्यातून सावरण्याची प्रवाळांची शक्यता वाढते.

कायदा आणि ग्राहकाचा अधिकार

वन्यजीव संरक्षण अधिनियम, 1972 च्या पहिल्या अनुसूचीत कठीण प्रवाळांचा समावेश 2001 मध्ये झाला. वाघाला मिळणारे सर्वोच्च संरक्षण त्यामुळे प्रवाळालाही मिळाले आहे. प्रवाळ तोडणे, विकणे किंवा आठवण म्हणून घरी नेणे हा गुन्हा ठरतो. किनारी नियमन क्षेत्राच्या अधिसूचनेतही प्रवाळभित्तींचा समावेश सर्वाधिक संवेदनशील वर्गात आहे.

कायद्याइतकेच बळ ग्राहकाच्या प्रश्नांत असते. प्रशिक्षकाकडे मान्यताप्राप्त संस्थेचे प्रमाणपत्र आहे का? एका प्रशिक्षकामागे किती जण उतरतात? होडी प्रवाळांवर नांगर टाकते की कायमच्या बोयाला बांधली जाते? पाण्यात उतरण्यापूर्वी ‘हात लावू नका’ ही सूचना दिली जाते का? होडीवर प्राणवायूची सोय आहे का? अनेक पर्यटक हेच प्रश्न विचारू लागले, तर व्यावसायिकांनाही शिस्त परवडू लागते.

कुशल डायव्हर प्रवाळांचा पहारेकरीही होऊ शकतो. 1996 मध्ये स्थापन झालेली ‘रीफ चेक’ ही संस्था प्रशिक्षित स्वयंसेवकांकडून जगभरच्या भित्तींच्या नोंदी गोळा करते. अडकलेली तुटकी जाळी, पांढरे पडलेले प्रवाळ, विरळ झालेली मासळी या गोष्टी सर्वांत आधी त्यालाच दिसतात. त्याच त्या खडकावर दर हंगामात उतरणाऱ्या प्रशिक्षकाने टिपलेल्या तारखा आणि छायाचित्रे संशोधकांच्याही उपयोगी पडतात. आज ग्रँड बेटाच्या खडकावर दिसणारा घुमट पुढच्या पिढीलाही दिसायचा असेल, तर त्याच्यापासून हातभर अंतर राखूनच त्याला पाहायला हवे.