फिक्या चित्रातली शिल्लक

गेल्या उन्हाळ्यात भाच्याचा एक मित्र लॅपटॉप घेऊन माझ्याकडे आला. सांगलीत बहिणीच्या हळदीचं चित्रण त्यानं नव्या कॅमेऱ्यावर, लॉग नावाच्या फिक्या पद्धतीत केलं होतं. "काका, सगळं वाया गेलं. राख फासल्यासारखं दिसतंय," तो म्हणाला. मी पाहिलं. हळद मळकट, अंगणातलं ऊन दुधट, तोरणातली आंब्याची पानं करडी. मला मात्र ते चित्र बघून हायसं वाटलं. "अरे, काही गेलेलं नाही. सगळं शिल्लक आहे," मी त्याला म्हटलं.

हे मी धीर द्यायला म्हटलं नव्हतं. 1984 साली मी मुंबईतल्या एका लॅबमध्ये हेल्पर म्हणून लागलो आणि पुढं ग्रेडर झालो. निगेटिव्ह असंच असतं. त्यात उजेड-अंधारातला फरक मुद्दाम कमी ठेवलेला असतो, म्हणून पाठीमागचं कडक ऊन आणि पदराखालची सावली दोन्ही एकाच पट्टीत मावतात. जोर येतो तो प्रिंट काढताना. किती जोर द्यायचा आणि कुठल्या रंगाला, हे ठरवणारा माणूस म्हणजे ग्रेडर.

आमचं काम आकड्यांचं होतं. प्रिंटिंग मशीनमधला पांढरा उजेड लाल, हिरवा आणि निळा असा तीन वाटांनी फुटायचा. प्रत्येक वाटेला 1 ते 50 पॉइंट, मधला 25. ॲनालायझरच्या पडद्यावर एकेक शॉट बघायचा आणि कार्डावर लिहायचं : 26-31-28. एका रिळात हजार फूट, म्हणजे जेमतेम अकरा मिनिटं. पण शॉट शंभरावर असायचे. मशीन एवढ्या वेगानं पळायचं की शॉट बदलताच उजेडही डोळ्याचं पातं लवायच्या आत बदलावा लागे. जुन्या मशीनवर त्यासाठी निगेटिव्हच्या कडेला खाच पाडत. पुढं भोकं पाडलेली कागदी पट्टी फ्रेम मोजून इशारा देऊ लागली.

नवख्या माणसाला सगळ्यात अवघड जायचा तो उलटा हिशेब. चेहरा फार लाल दिसतोय? मग लाल पॉइंट वाढवायचे. प्रिंटवर लाल उजेड जास्त पडला की त्या थरात लालाला मारणारा हिरवट-निळा रंग जास्त तयार होतो. एकूण उजेड वाढवला की प्रिंट गडद. हे हातात बसायला मला दोन वर्षं लागली.

ही विद्या आपल्याकडे कष्टानं आली. 1913 च्या 'राजा हरिश्चंद्र'च्या वेळी फाळक्यांच्या घरातच डेव्हलपिंग चालायचं आणि त्यांच्या पत्नी सरस्वतीबाई फिल्मला भोकं पाडण्यापासून ती धुण्यापर्यंत सगळ्यात असायच्या. मूकपटांच्या काळात रंग म्हणजे अख्खी पट्टी रंगात बुडवणं : रात्रीला निळा, दिव्याच्या उजेडाला पिवळसर, आगीला लाल. मग 1933 मध्ये प्रभातनं 'सैरंध्री' रंगीत करायचं धाडस केलं. प्रिंटसाठी दिग्दर्शक शांतारामबापू जर्मनीला गेले, पण रंग मनासारखे उतरलेच नाहीत. 1937 मध्ये अर्देशीर इराणींच्या इंपीरियलनं 'किसान कन्या' सिनेकलरमध्ये काढला. त्या पद्धतीत दोनच मूळ रंग होते, त्यामुळं शेताचा खरा हिरवा मिळणं कठीण. ताडदेवचं फिल्म सेंटर, दादरची बॉम्बे फिल्म लॅबोरेटरीज, पुढं फिल्म सिटीतलं ॲडलॅब्ज अशा लॅब उभ्या राहिल्या आणि मुंबईत ग्रेडरांच्या पिढ्या तयार झाल्या. प्रेक्षकांना त्यांची नावं कधी कळली नाहीत. एकाच प्रसंगात सकाळी आणि दुपारी घेतलेले शॉट एकाच वेळचे वाटले, ते या माणसांमुळं.

आता लॉगचं. हा शब्द कॅमेरा कंपन्यांनी शोधलेला नाही. 1890 मध्ये इंग्लंडात हर्टर आणि ड्रिफिल्ड या दोघांनी निगेटिव्हवर किती उजेड पडला की ते किती काळं होतं, याचा आलेख काढला. उजेड साध्या मापानं न मांडता त्यांनी लॉगॅरिदमनं मांडला. कारण निगेटिव्ह उजेडाच्या बेरजेला नाही, पटीला दाद देतं. उजेड दुप्पट झाला की एक पायरी, पुन्हा दुप्पट झाला की तेवढीच दुसरी. आमचा एक पॉइंटही त्याच मापातला, 0.025 चा. बारा पॉइंट म्हणजे मशीनचा उजेड दुप्पट.

नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला कोडॅकनं सिनिऑन ही यंत्रणा आणली. निगेटिव्ह स्कॅन करून त्याची घनता 1024 पायऱ्यांच्या आकड्यांत जशीच्या तशी उतरवायची. त्यात काळ्याची जागा 95 आणि साध्या पांढऱ्याची 685. वरची उरलेली जागा दिव्याच्या ज्योतीसाठी, पाण्यावरच्या चमकेसाठी राखून ठेवलेली. 2000 मध्ये 'ओ ब्रदर, व्हेअर आर्ट दाउ?' हा अख्खा सिनेमा असा संगणकात घेऊन छायालेखक रॉजर डीकिन्सनी मिसिसिपीचा हिरवागार उन्हाळा वाळलेल्या गवतासारखा पिवळा केला. कागदी पट्टीच्या पॉइंटांनी पानं तेवढी वेगळी काढता आली नसती. पुढं फिल्मच गेली. 2010 मध्ये ॲरीचा अलेक्सा कॅमेरा लॉग सी घेऊन आला. त्याची वळणरेषा सिनिऑनच्या रेषेवरूनच बेतलेली होती. आज हातात मावणाऱ्या कॅमेऱ्यातही लॉग असतो, तो निगेटिव्हचा वारस आहे.

म्हणून 'सिनेमॅटिक लुक' हवा म्हणत सावल्या निळ्या आणि चेहरे नारिंगी करणारा तयार लट, म्हणजे रंग बदलणारा आयता तक्ता, चढवला की मला वाईट वाटतं. निगेटिव्हनं जे राखून ठेवलं ते न बघताच खर्चून टाकल्यासारखं होतं. सिनेमाचा रंग माणसाच्या कातडीपासून सुरू होतो. लॅबमध्ये रिळाच्या तोंडाला एक पट्टी असायची. करड्या चौकोनाशेजारी एका गोऱ्या परदेशी बाईचा चेहरा. तिचा रंग बरोबर आला की मशीन बरोबर. एकदा मी तिच्यावर बोट ठेवून भात लावणाऱ्या बायकांचं गाणं जुळवलं. पट्टी अचूक होती, पण बायकांच्या सावळ्या कांतीवर राखाडी मेण चढल्यासारखं झालं होतं. मला काम शिकवणाऱ्या उस्तादांनी प्रिंट थांबवला. "मशीन तिच्यावर तपास. माणसं माणसांवर तपास," एवढंच ते बोलले. अख्खं रीळ मी पुन्हा केलं.

हळदीचं चित्रण घेऊन आलेल्या त्या मुलाला आधी तयार लट बाजूला ठेवायला सांगितलं. त्याच्या कॅमेऱ्याचा लॉग पडद्याच्या रंगात आणणारं साधं रूपांतर तेवढं ठेवलं. मग ऑफसेट. लॉगमध्ये ऑफसेट म्हणजे आमचे ते पॉइंट, प्रिंटर लाइटच. रिझॉल्व्ह या सॉफ्टवेअरमध्ये तर ते त्याच नावानं, पॉइंटांनी हलवता येतात. फरक एवढाच की इथं लाल वाढवला की लाल वाढतो. माझा हात आजही आधी उलट जातो.

"हळद कुठली होती?" मी विचारलं.

"घरचीच, राजापुरी. तेलात कालवलेली."

स्वयंपाकघरातून चिमूटभर हळद आणली, तेलात कालवली आणि खिडकीपाशी त्याच्या मनगटावर लावली. तो मनगट बघत होता आणि मी पडदा. उजेड सहा पॉइंट उतरवला, लाल दोन चढवला, निळा एक कमी केला. नवरीच्या गालावरची हळद ओली दिसू लागली आणि तिच्याखाली तिचा स्वतःचा गव्हाळ रंग उमटला. मागं दारात त्याची आई उभी होती. उन्हात तिचा पदर आतापर्यंत नुसता पांढरा डाग होता. त्यात एकेक करून जरीचे बुट्टे दिसू लागले.

तो मनगट विसरून पडद्याकडे वाकला आणि बुट्टे मोजू लागला.